उजवीकडची सावली

८ जानेवारी

विहीणबाई,

तुमची सगळी अक्षरचित्रं आज दुपारी सुखरूप पोचली. एकाही काचेला तडा नाही, हे आमच्या सिस्टरनं प्रत्येक चौकटीवरून बोट फिरवून पक्कं केलंय, आणि त्यांचं बोट माझ्या यंत्रांपेक्षा भरवशाचं आहे. संध्याकाळच्या आत सुतारानं खिळे ठोकले. आमच्या दवाखान्यातला रुग्णांचा हॉल, जिथे आजवर मोतीबिंदूच्या माहितीचा फलक आणि पंख्याची घरघर एवढंच होतं, तो एकदम बोलका झालाय.

फोन न करता पत्र का, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपण दोघी फोनवर जरा वेळ बोललो की माझ्या मुलाला आणि तुमच्या मुलीला वाटतं, विहिणींचं काहीतरी बिनसलं. मग दोघं मिळून समजूत घालायला येतात. पत्राचा हा ताप नाही.

मला कलेतलं कळत नाही, हे मी लग्न ठरतानाच सांगून मोकळी झाले होते. पण लोकांचं सांगते. ‘येते’ हे चित्र मी दाराशी लावलं. एक आजोबा आत शिरताना ते वाचून म्हणाले, “या, या.” तपासून परत निघाले, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “बरं, या मग.” दोन्ही वेळा चित्राशीच बोलले, आमच्याशी अवाक्षर नाही. ‘जागा आहे’ बाकाच्या वर टांगलंय. त्याच्याखाली एक गृहस्थ घोरत होते. बायकोनं कोपरानं ढोसलं, “बघा, भिंतीवरचा जागा आहे, तुम्ही मात्र झोपा!” ते दचकून उठले आणि शेजाऱ्याला म्हणाले, “जागा आहे ना, मग सरकून बसा की.”

राहिलं ‘बघू’. ते माझ्या खोलीच्या दारासमोर आहे, हातभर अक्षरांत. डोळ्यांच्या डॉक्टरला शोभतं असं सगळे म्हणतात. पण एक विचारू का? माझ्या मुलानं तुमच्या मुलीचं नाव पहिल्यांदा काढलं, तेव्हा मी नुसतं ‘बघू’ म्हणाले होते. ते तुमच्या कानावर गेलं असणारच. तुम्ही मनात धरून छापलंत का?

तुमची विहीण,
डोळेवाली


१७ जानेवारी

डॉक्टर विहीणबाई,

टोमणा मारायचा असता तर मी त्यावर एवढी शाई कशाला घातली असती? तोंड आहे की. ‘बघू’ हे तुमचं एकटीचं नाही, उगाच हक्क सांगू नका. माझ्या छापखान्यात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक नमुना बघून ‘बघू’ म्हणायचं आणि परत फिरकायचं नाही. आई ‘बघू’ म्हणाली की पोरांना कळतं, नाही मिळणार. प्रेमात पडलेली मुलगी ‘बघू’ म्हणाली की समोरच्याला कळतं, मिळणार. एकच शब्द सगळ्यांच्या घरी वेगळा राबतो. म्हणून छापला. तुम्ही तो स्वतःला लावून घेतलात याचा अर्थ चित्र चाललं.

तुमच्या आजोबांचा किस्सा मी आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एकटीच मोठ्यानं वाचला. हसून हसून रोलर हातातून पडला.

आता माझी बातमी. एप्रिलअखेर मोठ्या कलादालनात माझं प्रदर्शन आहे, एकटीचं. संयोजकांनी काल येऊन पक्कं केलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पावत्या, पाट्या आणि भेटकार्डं छापली, विहीणबाई. स्वतःचं वाक्य छापून ते लोकांनी मुद्दाम बघायला यावं, हे पहिल्यांदाच होतंय. ते फसलं तर या वयात दुसरी संधी नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

हे सगळं घडलं एका लेखामुळे. कलेच्या मासिकातल्या एका समीक्षकानं माझ्या अलीकडच्या छापांवर लिहिलंय. प्रत्येक अक्षर मी दोनदा छापते हे तुम्हाला माहीत आहे. आधी फिका राखाडी ठसा, तो वाळला की त्याच लाकडी ठोकळ्याला काळी शाई लावून बरोब्बर त्यावर दुसरा. त्यानं काळा रंग खोल दिसतो. ठोकळा बसवायला खुणेच्या पिना मी वापरत नाही. माझ्या गुरूंना पिना म्हणजे कुबड्या वाटायच्या. नजरेनं उतरवायचा, बस. तर अलीकडे राखाडी रंग काळ्याच्या बाहेर थोडा डोकावतो. समीक्षक लिहितो, “ही थरथरती कड म्हणजे बोलण्यातल्या संदिग्धतेलाच दिलेलं शरीर आहे.” संयोजक म्हणतात, नवी सगळी चित्रं याच थरथरत्या कडेची हवीत.

कड थरथरते कशी, हे मात्र कलावंतानं सांगायचं नसतं.

तुमची,
शाईवाली


२ फेब्रुवारी

विहीणबाई,

अभिनंदन! प्रदर्शनाला आम्ही सगळे येणार. सूनबाईनं आत्तापासून माझी साडी ठरवलीय, म्हणजे माझं काही चालणार नाही.

इकडे मात्र तुमच्या थरथरत्या कडेनं गोंधळ घातला. आमच्याकडे एक घड्याळजी आले होते, बारीक कामाचा माणूस, मोतीबिंदू काढायला घाबरत घाबरत तयार झालेले. ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, सिस्टरनी हाताला धरून त्यांना हॉलमध्ये आणून बसवलं, आणि पाचच मिनिटांत आरडाओरडा! “डॉक्टर, गेला माझा डोळा! अक्षरं जोडीनं आलीत!”

मी धावत गेले. हॉलमधले सगळे उठून उभे. ज्यांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, त्यांच्यातले दोघे चपला शोधायला लागलेले. मी घड्याळजींना आत नेलं, तपासलं, डोळा आरशासारखा स्वच्छ. “तक्त्यावरची अक्षरं किती दिसतात?” “एकेक.” “मग जोडीनं कुठे आली?” “बाहेर भिंतीवर.” मी बाहेर येऊन बघितलं. माझी नजर चांगली आहे आणि मलाही जोडीनंच दिसली! मग सगळ्यांसमोर मला सांगावं लागलं की घाबरू नका, ही कला आहे. घड्याळजी म्हणाले, “असली कला डोळ्यांच्या दवाखान्यात लावायची म्हणजे हाडवैद्यानं दारात तेल सांडून ठेवण्यासारखं आहे.”

हसलो सगळे, पण एक विनंती. एखादं एकेरी कडेचं चित्र पाठवाल का? तेवढं हॉलमध्ये लावते आणि थरथरणारी माझ्या खोलीत घेते. तिथे घाबरलेली माणसं डोळे मिटूनच बसतात.

तुमची,
डोळेवाली


९ फेब्रुवारी

डॉक्टर विहीणबाई,

आपल्या दवाखान्यात माझ्या कलेनं आरडाओरडा झाला याबद्दल दिलगीर आहे. आपल्याला भिंतीवर तक्ताच हवा असेल तर तो आपल्याकडे आहेच; वरून खाली लहान होत जाणारी अक्षरं, अर्थ कशालाच नाही, त्यामुळे भांडणही नाही.

एकेरी कडेची चित्रं आता मी करत नाही. ज्याला ती कड कळते त्यानं मासिकात दोन पानं लिहिली. ज्याला कळत नाही त्यानं चपला शोधल्या. घड्याळजींना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, काटे एकावर एक आले की बारा वाजतात.

चित्रं नको असतील तर तशीच बांधून परत पाठवा. आमची आम्ही लावू.

आपली,
मुलीची आई


२३ फेब्रुवारी

विहीणबाई,

‘आपली, मुलीची आई’ वाचून मी पत्र परत पाकिटात घालून ठेवलं. सूनबाईनं विचारलं, “आईचं पत्र आलं का?” मी म्हटलं, “आलं. छान आहे.” ती म्हणाली, “म्हणजे भांडलात.” तुमची मुलगी तुमच्यावरच गेलीय.

चुकलं माझं. चेष्टेत बोलले, पण ज्या कडेच्या जिवावर प्रदर्शन उभं आहे तिची चेष्टा जरा जास्तच झाली. चित्रं परत पाठवणार नाही, ती आता दवाखान्याची आहेत.

आता रागावणार नसाल तर एक सांगते, आणि रागावणार असाल तरी सांगते. तुमचं पत्र आल्यावर मी हॉल रिकामा असताना सगळ्या चित्रांपुढे नीट उभी राहिले. कड समजून घ्यावी असं मनापासून वाटलं. कला काही मला दिसली नाही. मला दिशा दिसली. प्रत्येक चित्रात राखाडी सावली उजवीकडेच आहे. वर नाही, खाली नाही, डावीकडे एकदाही नाही. हात थरथरला असता तर ती कुठेही गेली असती. मुद्दाम केली असती तरी एखाद्या चित्रात तुम्ही बाजू बदलली असती. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, एकच टोमणासुद्धा तुम्ही दुसऱ्यांदा तसाच मारत नाही.

मग मी टेबलावर औषधाचा खोका ठेवून त्याच्या भोवती पेन्सिलीनं चौकोन आखला. उजवा डोळा मिटला आणि तो खोका वरून नजरेनं चौकोनात उतरवायला लागले. दर वेळी डावीकडे पडला. रेघ उजवीकडे उघडी राहिली. दोन्ही डोळे उघडे ठेवले की बरोबर बसला. सिस्टरनी बघितलं आणि त्या म्हणाल्या, “डॉक्टर, हा खेळ रुग्णांसमोर नका खेळू.”

आणि दुसरी गोष्ट. वरच्या मजल्यावर सूनबाईच्या खोलीत तुम्ही लग्नात दिलेलं ‘मी नाही म्हणाले’ आहे ना, ते मी चार दिवसांसाठी मागून खाली लावलं. त्याची कड पात्यासारखी आहे. त्याच्यापुढे एक शिंपी नवरा-बायको बसले होते.

नवरा म्हणाला, “हिनं चक्क नकार दिलाय.”

“नकार कुठे? तिनं ते वाक्य उच्चारलंच नाही. कुणीतरी तिच्या नावावर खपवलंय.”

“तू लगेच तिची बाजू घे.”

“आणि तुम्हाला बाईनं तोंड उघडलं की नकारच ऐकू येतो.”

सिस्टर औषध घालायला आल्या त्या थांबल्याच. “अहो, ‘मी’वर जोर देऊन वाचा. ती म्हणतेय, मी नाही, दुसरंच कुणीतरी म्हणालं!” मग सगळा बाक भांडायला लागला. शिंप्याचा नंबर लागला तरी तो उठेना.

शेजारीच तुमचं थरथरतं ‘तुमचं चालू द्या’ होतं. तेही वाक्य काही कमी नाही; आदरानं म्हणा, नाहीतर कंटाळून. पण त्याच्यापुढे कुणी भांडलं नाही. माणसं थांबली, चष्मा काढला, पदरानं किंवा शर्टानं पुसला, परत घातला आणि पुढे गेली.

विहीणबाई, डावा डोळा तळहातानं झाका आणि हे पत्र उजव्यानं वाचा. मग मला लिहा.

तुमची,
डोळेवाली


१ मार्च

डॉक्टर विहीणबाई,

पत्र मिळालं. शिंपी नवरा-बायको फार आवडले.

इकडे थंडी कमी झाली, शाई पुन्हा सैल पडायला लागली. संयोजक दोनदा येऊन गेले. त्यांना दहा नवी चित्रं हवीत; माझी अजून तीनच झाली. त्यांना त्यांतलं ‘तुला सोडून येते’ सगळ्यात आवडलं. कुणाला सोडून, कुठे पोचवून का कायमचं, यावर त्यांचा ड्रायव्हर आणि ते दारातच अडून बसले. ड्रायव्हरचं म्हणणं, यात अवघड काय, मी रोज साहेबांना सोडून येतो.

परवा दुकानाची पायरी उतरताना जरा तोल गेला, गुडघा खरचटलाय. पायरीची कडच झिजलीय. गवंड्याला सांगायला हवं.

डोळे झाकून वाचायची परीक्षा शाळेत संपली. जावईबापूंना आशीर्वाद.

तुमची,
शाईवाली


११ मार्च

विहीणबाई,

माझ्या पत्राला दहा दिवस झाले, डॉक्टर, तुमचं उत्तर नाही. रागावला असता तर लिहिलं असतंत. रागात तुमचं पत्र लांब येतं. डॉक्टर गप्प बसले की पेशंटला कळतंच.

गवंडी येऊन गेला. पायरी धडधाकट आहे म्हणाला.

डावा डोळा झाकून तुमचं पत्र मी त्याच दिवशी बघितलं होतं. बघितलं म्हणजे कागद आहे हे कळलं. मागच्या पावसाळ्यापासून उजव्या डोळ्यापुढे आंघोळीनंतरचा आरसा आहे, आणि तो पुसला जात नाही. पहिल्यांदा राखाडी रंग बाहेर आला तेव्हा मी तो छाप फाडणार होते. तेवढ्यात समीक्षक आला, त्यानं तो हातातून घेतला, खिडकीशी नेला आणि म्हणाला, “ताई, ही तुमची दृष्टी आहे.” दृष्टी! मला हसू आवरेना, आणि त्याला वाटलं मी लाजले.

मग लेख आला, मग संयोजक आले. आता सांगा, मी काय करायचं होतं? डोळा बरा केला आणि कड गेली, तर भिंतीवर काय लावू? नाही केला, तर उरलेली सात चित्रं कशी छापू? गेल्या आठवड्यात एका चित्राचा काळा ठसा इतका सरकला की शब्दच वाचता येईना. आणि डोळा बरा करून कड मुद्दाम ठेवावी म्हटलं, तर ती माझ्याच आजाराची नक्कल. या तिढ्यात मी बसले होते आणि तुम्हाला पायरीच्या गोष्टी सांगत होते.

तिढा तुमच्या खोक्यानं सुटला नाही हो, शिंप्यानं सोडवला. रोज हातात ठोकळा घेतला की ते दोघं डोळ्यांसमोर यायचे. पुसट अक्षराला लोक माफ करतात. त्यांना वाटतं, आपल्यालाच दिसत नाही, चष्मा पुसायला हवा. अक्षर स्वच्छ असलं की पळवाट राहत नाही. सगळं दिसतंय आणि तरी एक अर्थ हाती लागत नाही, मग माणूस शेजाऱ्याशी भांडतो. मला चष्मा पुसणारी माणसं नकोत. मला तो भांडणारा बाक हवाय. समीक्षकाला कड आवडली, पण माझं वाक्य त्यानं वाचलंच नव्हतं, हे मला आता कळतंय. त्याच्या दोन पानांत माझा एक शब्द नाही.

डोळा काढून द्यायला कधी येऊ? म्हणजे, तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय.

तुमची,
शाईवाली


१४ मार्च

विहीणबाई,

गप्प बसले ते मुद्दामच. मी अजून एक पत्र लिहिलं असतं तर तुम्ही अजून एक पायरी सांगितली असती.

घाबरण्यासारखं काही नाही. वर्णनावरून साधा मोतीबिंदू आहे, थोडा पिकू दिलाय एवढंच. आधी तपासते, साखर आणि रक्तदाब बघते, मग तारीख धरू. पंचवीस तारखेच्या आसपास जमेल. पायरी उतरताना एकट्या डाव्या डोळ्यावर भरवसा ठेवू नका, कठडा धरा.

एक स्पष्ट सांगते. ऑपरेशन मी करणार नाही. माझे सहकारी आहेत, हात माझ्यापेक्षाही हलका आहे. नात्यातल्या डोळ्यावर मी हात चालवत नाही. उद्या काही झालं तर सूनबाई रोज सकाळी चहाला समोर बसते.

संयोजकांना मात्र आत्ताच खरं सांगा. तारीख पुढे न्यावी लागेल.

तुमची,
डोळेवाली


१९ मार्च

विहीणबाई,

संयोजकांना सांगितलं. ते खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि हळूच म्हणाले, “ताई, हे कुणाला बोलू नका.” मी म्हटलं, बोलणार, भिंतीवर लिहून बोलणार. जुनी चित्रं एका कोपऱ्यात लावा आणि खाली लिहा, ‘उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असताना छापलेली.’ ते म्हणाले, “लोक हसतील.” मी म्हटलं, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. शेवटी त्यांच्या ड्रायव्हरनं आत डोकावून “साहेब, कल्पना चांगली आहे” म्हटल्यावर तयार झाले. मे महिन्याची अखेर मिळालीय. त्यापुढे एक दिवस नाही, दालन दुसऱ्याला दिलंय.

समीक्षकालाही कळवलं. त्याचं उत्तर आलं की कलावंताला स्वतःच्या कामाचा अर्थ शेवटी कळतो. चला, त्याचं त्याच्याजवळ.

आता तुमच्या सहकाऱ्यांबद्दल. हात हलका असेल त्यांचा, पण खोका घेऊन टेबलावर खेळत ते बसले नव्हते. माझ्या कागदावरची केसाएवढी सावली बघून जिनं आतला डोळा ओळखला, ती बाई सोडून मी दुसऱ्या कुणापुढे आडवी होणार नाही. तुम्ही काय करणार? जुनं भिंग काढून नवं नेमक्या जागी बसवणार. मी आयुष्यभर दुसरं काय केलं? नेमकं बसवणं ज्याला कळतं त्याच्याच हाती मी ठोकळा देते. चहाला मुलगी समोर बसते म्हणता, तर ती माझीही मुलगी आहे, तिला मी आधीच सांगून ठेवलंय की काही झालं तरी सासूला बोल लावायचा नाही. ती म्हणाली, “आई, तू आधी जा तर.”

चोवीसला संध्याकाळी पोचते.

तुमची,
शाईवाली


१० एप्रिल

विहीणबाई,

घरी येऊन आठवडा होत आला. थेंब वेळेवर घालते. भिंतीवर तुमच्या अक्षरातलं वेळापत्रक आहे, ते लांबून, उजव्या डोळ्यानं वाचता येतं.

पट्टी काढली तेव्हा तुम्ही विचारलंत, काय दिसतं, आणि मी “ठीक आहे” म्हटलं. आता सांगते. तुमच्या दवाखान्याच्या भिंती पांढऱ्या आहेत! मी त्या पिवळट समजत होते आणि मनात म्हणत होते, एवढ्या मोठ्या डॉक्टर, रंगात कशाला काटकसर. मुलीच्या कानामागे एक पांढरा केस आहे, तो आईच्या आधी तुम्ही बघितला असणार, याचा जरा हेवा वाटला. आणि शेवटी ऑपरेशन तुम्हीच केलंत, तेव्हा टेबलापाशी “हलायचं नाही, विहीणबाई” म्हणालात, तो आवाज मला फार आवडला. मंडपात तो आवाज काढला असतात तर सगळं एका तासात आटोपलं असतं.

घरी आल्यावर जुनी चित्रं पुढे घेऊन बसले. अगं बाई! हे मी लोकांना पाठवलं? घड्याळजींची मी क्षमा मागते. तो माणूस मोठ्या मनाचा, नुसता ओरडला.

नवे ठोकळे शाईविना कागदावर उतरवून बघितले. बरोब्बर बसतात. एकदा नाही, जितक्यांदा उतरवले तितक्यांदा. शेवटी मी उगाचच उतरवत राहिले, पोरीसारखी.

पण अडलंय ते वेगळ्याच जागी. ठोकळा कागदावर दाबणाऱ्या प्रेसचं चाक. तुम्ही सहा आठवडे जोर लावायला बंदी केलीय, आणि ते चाक म्हणजे निव्वळ जोर. सहा आठवडे थांबले तर शाई वाळायलाच वेळ उरत नाही. हमाल बोलावून बघितला. ताकद बक्कळ, पण हिसके देतो. चाक मध्येच थांबलं की अक्षरावर आडवा पट्टा उठतो, कागद वाया. एका लयीत, न थांबता फिरवणारं कुणी हवं. दुसरा माणूस आला तो लयीत फिरवतो पण सारखा बोलतो, ‘हे असं का लिहिलं, ते तसं का’, आणि विचारताना थांबतो.

संयोजकांचा रोज फोन. काय करावं?

तुमची,
शाईवाली


१४ एप्रिल

विहीणबाई,

तुमचा उजवा डोळा अपेक्षेपेक्षा चांगला भरतोय, असं काल माझ्या सहकाऱ्यांनी तुमचे कागद बघून सांगितलं. मुद्दाम त्यांच्याकडून खात्री करून घेतली. माझं मत या बाबतीत आता धरू नये; तुम्ही टेबलावर होतात तेव्हा हात स्थिर होता, पण नंतर हातमोजे काढायला सिस्टरना मदत करावी लागली.

जोर लावायची बंदी उठणार नाही. वाकायचंही नाही, जड उचलायचं नाही, आणि शाईचा हात डोळ्याला लावलात तर मी तिथे येऊन ओरडेन.

पण तसंही मी येतेच आहे. दवाखाना मेच्या मध्यापर्यंत सहकाऱ्यांवर सोपवलाय. मुलगा म्हणाला, “आई, तू प्रेस चालवणार?” मी म्हटलं, एका लयीत आणि न थांबता हात चालवणं एवढंच मला येतं, आणि काम करताना मी बोलत नाही. तो सूनबाईकडे बघायला लागला. तिनं माझी बॅग खाली काढून ठेवली होती.

तुमच्याकडे मला काही कळत नाही हे धरून चाला. कागद कुठून धरायचा, शाई किती, सगळं तुम्ही सांगायचं, आणि चुकले तर बोलायचं. दवाखान्यात तुम्ही हलला नाहीत. तुमच्या खोलीत तुम्ही सांगाल तेव्हाच मी हलेन.

शुक्रवारी दुपारच्या गाडीनं पोचते. शनिवारी सकाळी ठोकळा तुम्ही उतरवायचा, चाक मी फिरवायचं. पहिला कागद बहुधा बिघडेल, दुसराही. तिसरा नीट निघाला की तो संयोजकांना दाखवायच्या आधी दारात आणून लावू आणि रस्त्यानं जाणारं कोण कोण थांबतं, कोण कुणाशी भांडतं, ते आतून बघत बसू. जुनी सुती साडी आणतेय, तिला शाई लागली तरी चालेल.

तुमची,
डोळेवाली